ताडकळस विरुद्ध बोरी, बिनशील्डची

नागसेनदादाच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा पाणी पाहिलं ते वेल्सच्या राष्ट्रगीताला.

जुलैतला शनिवार होता. बबितावहिनींच्या शिलाईच्या खोलीत आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो होतो. फोन ब्लाउजपिसांच्या गठ्ठ्याला टेकवलेला. दूर कुठेतरी दौऱ्यावर गेलेला वेल्सचा रग्बी संघ रांगेत उभा होता. आडदांड माणसं, एकमेकांच्या खांद्यावर हात. त्यात एक अगदी पोरसवदा. तो गाता गाता रडत होता.

"पयली मॅच हाय त्याची," दादा म्हणाला. "आज टोपी मिळन त्याला."

देशाकडून जो पहिल्यांदा उतरतो त्याला टोपी मिळते. शेवटचं एक मिनिट उतरला तरी मिळते. हे मला दादानेच सांगितलं होतं.

"ही कशाची मॅच?" मी विचारलं. "सेमीफायनल?"

"कशाचीच न्हाई."

"म्हणजे?"

"वर्ल्ड कपला अजून लय टाइम हाय. ही नुसती टेस्ट हाय. देश देशाशी खेळायलाय."

"मग हारले तर?"

"हारले तर हारले. पुढच्या शनवारी परत उभं ऱ्हायचं." त्याने बाहीने डोळे पुसले. "वर्ल्ड कपला कसं, हारला की चार वर्षं तोंड लपवायचं. सगळे कपाकडं बघत्यात. इथं बघ, कोणाला काहीच भेटणार न्हाई. तरी ते पोरगं रडायलंय. कामून?"

मी मराठी घेऊन बी.ए. केलं आहे. सामना म्हणजे मला शेवट असलेली गोष्ट वाटायची. उपांत्य, अंतिम, कप. ही शेवट नसलेली गोष्ट होती. ती बघत मी तासभर तिथेच बसलो. मग दर शनिवारी जाऊ लागलो.

नागसेन खिल्लारे ताडकळसचे. वय चाळीस. महार रेजिमेंटमध्ये सतरा वर्षं काढून गावी परत आले. आता जिनिंगवर गेट सांभाळतात. उजवा गुडघा अधूनमधून धरतो, तेव्हा ते उभ्यानेच पाय झटकतात. सैन्यात त्यांना कबड्डीसाठी निवडलं आणि रग्बीत टाकलं. कबड्डीतली पकड त्यांना तिथे कामी आली. गावात सगळे त्यांना फौजी म्हणतात. मी दादा म्हणतो. ते मला साहित्यिक म्हणतात, आणि तेव्हा त्यांच्या मिशा हलतात.

गावी आल्यावर दादाने मुलींचा संघ उभा केला, सात जणींच्या रग्बीचा. मुलांना क्रिकेट सोडवत नव्हतं. मुलींना कोणी काहीच देत नव्हतं, त्यामुळे त्यांनी हा लांबट चेंडू घेतला. आईबाप पाठवायचे, कारण जिल्ह्याला खेळलं की प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्राचे दहावीला जादा गुण. त्या संघात सगळ्यात चपळ होती दादाची लेक, संघप्रिया.

होती. मी जायला लागलो त्या जुलैत ती खेळत नव्हती. आम्ही मॅच बघत असलो की ती दारातून आत यायची, दोरा घ्यायची आणि जायची. एकदाही फोनकडे बघायची नाही.

कारण वहिनींनी सांगितलं. दादा तेव्हा ड्यूटीवर होता. वहिनी पिको करत होत्या आणि मान वर न करता बोलत होत्या.

"मागच्या वर्षी गावातल्या एका मंडळानं शील्ड ठेवली. ही एवढी मोठी. ताडकळस विरुद्ध बोरी. बोरी माझं माहेर. मला वाटलं मजा येईन." मशीन थांबलं. "शील्ड म्हणल्यावर यांच्या अंगात आलं. नांदेडहून दोन पोरी आणल्या. जोरदार पोरी. आन् आपल्या दोघी बसवल्या. त्यात एक ही."

"दादाने?"

"यांनीच. मॅच जिंकली. शील्ड घरी आली. ती काय, टीव्हीवर हाय. ही पूर्ण मॅच बाकावर. घरी आल्यावर जेवली, ताट घासलं, आन् मग इचारलं, पप्पा, तुमाला बाकावर कसं वाटलं होतं?"

मला कळलं नाही.

"तुमाला न्हाई सांगितलं व्हय त्यांनी? फौजेत असताना एकदा इंडियाच्या टीममधी नाव आलं. परदेशात. अशीच टेस्ट, कपाची न्हाई न् कशाची न्हाई. पूर्ण मॅच बाकावर बसले. शेवटपर्यंत अंगातला कोट काढला न्हाई, कोणी काढ म्हणलंच न्हाई. टोपी न्हाई भेटली. परत कधी नावच आलं न्हाई." वहिनींनी मशीन पुन्हा चालू केलं. "तेव्हापासून तिनं चेंडूला हात लावला न्हाई. बाकी बोलती. भाजी काय आणू, लाइट गेली का. खेळाचं एक अक्षर न्हाई."

मी टीव्हीवरच्या शील्डकडे पाहिलं. तिच्यावर सोनेरी कागद चिकटवला होता. एका कोपऱ्यात तो सुटला होता.

ऑक्टोबरच्या शेवटी दादाने ठरवलं. बोरीशी पुन्हा खेळायचं. पण कशावरच नाही. शील्ड नाही, प्रमाणपत्र नाही, मंडप नाही. फक्त गावच्या मुली.

"टेस्ट," मी म्हणालो.

"टेस्ट," दादा म्हणाला. "ती आली तर येईन. न्हाई आली तर न्हाई. पण तिला बसवायला मला कारण नको ऱ्हायला."

बोरीच्या मुलींना शिकवणारे गोपाळसर तयार झाले. मैदान मिळालं किशनरावकाकांच्या शेतात. सोयाबीन निघालं होतं आणि हरभरा पेरायचा होता. मधल्या थोड्या दिवसांत काळी जमीन मोकळी पडते. मऊ असते. पडलं तरी लागत नाही. काकांनी लगेच हो म्हटलं. काका गावातले मोठे शेतकरी, तरुणपणी पहिलवान. कान अजून चपटे आहेत.

चार दिवसांनी काकांनी आम्हाला बोलावलं. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, बाजेवर बसले होते. चहा आला.

"फौजी, मी शील्ड ठेवायलाव," काका म्हणाले. "आमच्या बापाच्या नावानं. त्यांना लय नाद होता मैदानाचा. मंडप बी टाकू. रविवारी करा, मानसं येतील. पेरणी दोन दिवस पुढं ढकलतो."

मला बरं वाटलं. मी दादाकडे पाहिलं. दादा बशीकडे बघत होता.

"काका, शील्ड नको," तो म्हणाला.

चहा देणारा गडी थांबला.

"काय म्हणला?"

"शील्ड नको. बाकी तुमी म्हणाल तसं."

"माझ्या बापाच्या नावाला नको म्हणायलास तू?"

"नावाला न्हाई, काका. शील्डला."

ज्या माणसाच्या शेतात खेळायचं, त्याच्या अंगणात बसून, त्याच्या बापाच्या नावाची वस्तू दादा नाकारत होता. आमच्या गावात असं कोणी बोलत नाही. दादाच्या वस्तीतलं तर कोणीच नाही. गड्याने माझ्याकडे पाहिलं. मी कप खाली ठेवला.

"शील्ड आली की मी परत नांदेडला जाईन," दादा म्हणाला. "मागच्या वर्षी गेलतो. मला माझा भरवसा न्हाई. बोरीवाले परभणीहून आणतील. गावच्या पोरी बाकावर बसतील."

काकांनी कप बाजेखाली सरकवला.

"काका, तुमी पयली कुस्ती कशावर खेळलात?"

"कशावर म्हंजे? जत्रंत. नारळावर. सगळेच खेळतेत."

"कोणाशी?"

"सोनपेठचा एक होता. डावखुरा. पायात भोवरी होती त्याच्या." काका पटकन बोलून गेले.

"आन् बक्षिसाची शेवटची?"

काकांनी दाढी खाजवली. नाव आठवेना. मग म्हणाले, "नारळ तरी होता की रे."

दादा हसला. काका हसले नाहीत.

"मंडप न्हाई मग," ते उठत म्हणाले. "रविवार बी न्हाई. शनवारी दुपारी माझा ट्रॅक्टर लागणार. ओल चाललीय. तोवर काय खेळायचं ते खेळा. एक मिनिट थांबणार न्हाई."

परतताना मी दादाला म्हणालो, "गोड बोलून घ्यायचं होतं. शील्ड घेतली असती, बाहेरच्या मुली आणल्या नसत्या."

"तू मला ओळखत न्हाईस, साहित्यिक," दादा म्हणाला.

त्या रात्री जेवताना त्याने लेकीला सांगितलं. वहिनींकडून मला कळलं. तो म्हणाला, शनिवारी मॅच आहे. बाहेरचं कोणी नाही. तुझी जागा मोकळी ठेवू का? ती म्हणाली, सात जणी आहेत ना? तो म्हणाला, सात आहेत, तू आलीस तर आठ, पण तू खेळशील. ती म्हणाली, मग कोणीतरी बसेल. आणि पोळी वाढायला उठली.

शनिवारी आम्ही सकाळीच शेतात गेलो. मुलींनी सोयाबीनची धसकटं वेचून काढली. दादाने फक्की मारून रेषा आखल्या. गोलपोस्ट नव्हते, त्यामुळे लाथ मारून गुण नाहीत. चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे जायचं आणि तो हाताने जमिनीला टेकवायचा. त्याला ट्राय म्हणतात. एका ट्रायचे पाच गुण. शिट्टी पहिल्या अर्ध्यात गोपाळसरांची, दुसऱ्यात दादाची. एवढेच नियम ठरले होते.

बघायला पंचवीस-तीस माणसं आली. मागच्या वर्षी सगळं गाव होतं.

बोरीचा टेम्पो आला. मागून मुली उतरल्या. पुढून एक म्हातारी उतरली, नऊवारी, हातात पिशवी. सरजाबाई, वहिनींच्या आई.

"जय भीम, फौजी," गोपाळसर म्हणाले. तोंड उतरलेलं. "सहाच आल्यात. एकीच्या मायनं ऐन वेळी न्हाई पाठवली. कापूस येचायला मानूस न्हाई. म्हणली, शील्ड बिल्ड असती तर पाठवली असती."

"तिनं खरं सांगितलं," दादा म्हणाला.

"आमी सहा खेळतो. तुमी बी एक काढा."

दादाच्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. एक काढायची म्हणजे एक बसवायची. दादाचा चेहरा मी पाहिला. जे टाळायला शील्ड नाकारली, तेच समोर येऊन उभं होतं.

तेवढ्यात वहिनी आणि संघप्रिया आल्या. आजीला भेटायला. हातात डबा.

सरजाबाईंनी नातीला जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला आणि काय चाललंय ते विचारलं. ऐकून घेतलं. मग गोपाळसरांना म्हणाल्या, "एकच पोरगी कमी हाय ना? मग हिला घ्या की."

"मावशी, ती ताडकळसची हाय."

"कशाची ताडकळसची? जलम बोरीतला हाय तिचा. माझ्या घरात. पयलं बाळंतपण माहेरीच करत्यात का सासरी? सुईण मी बोलावली. बाप तर तिकडं बर्फात होता बंदूक घेऊन."

माणसं हसली. संघप्रिया हसली नाही. तिने डबा वहिनींच्या हातात दिला.

"मी खेळते बोरीकडून," ती म्हणाली.

ताडकळसची कॅप्टन राजनंदिनी पुढे आली. "व्हय गं? आमच्याकडून खेळत न्हाईस आन् त्यांच्याकडून खेळायलीस?"

"तुमच्याकडं सात पुऱ्या हायत. मागच्या वर्षी बी पुऱ्या होत्या."

सगळे दादाकडे बघायला लागले. फक्त गावच्या मुली, हा त्याचाच नियम होता. त्यासाठी त्याने किशनकाकांशी वाकडं घेतलं होतं. आणि त्याची लेक समोरच्या संघाचा शर्ट मागत होती.

दादा खाली बसून ढेकळं फोडायला लागला. तिथली ढेकळं सकाळीच फोडून झाली होती. थोड्या वेळाने तो उठला.

"नियमात बसतं," तो म्हणाला.

"कोणत्या?" गोपाळसरांनी विचारलं.

"टेस्टच्या. ज्या देशात जलम झाला त्या देशाकडून खेळता येतं. आजा-आजीचा झाला असला तरी येतं. एखाद्याचा आजा स्कॉटलंडचा असतो, गडी दुसरीकडंच वाढलेला असतो, तरी स्कॉटलंडकडून खेळतो." त्याने पाय झटकला. "आजोळ चालतं. खेळू द्या."

"म्या तेच म्हणलं," सरजाबाई म्हणाल्या आणि बांधावर बसल्या.

संघप्रियाने न आलेल्या मुलीचा शर्ट घातला. तो तिला ढगळ होत होता. तिने तो खोचला.

मी रग्बी फोनवर पाहिली होती. चार हातांवरून पाहिली नव्हती. फोनवर आवाज येत नाही. अंगावर अंग आदळल्याचा, काळ्या मातीत पाठ पडल्याचा, आणि उठताना निघणाऱ्या श्वासाचा. पहिल्याच मिनिटाला संघप्रियाने राजनंदिनीला कमरेत धरून खाली घेतलं. वर्षभर ज्या मुलीशेजारी ती शाळेत एका बाकावर बसत होती तिला. राजनंदिनी उठली आणि पुढच्या वेळी तिने हिला घेतलं.

कोणी आरडाओरडा करत नव्हतं. मंडप नव्हता, माइक नव्हता. बांधावर किशनकाकांचा ट्रॅक्टर येऊन थांबला होता. मागे पेरणी यंत्र, पेटीत हरभरा. काका सीटवर बसून होते. पहिला अर्धा संपला तेव्हा ते सीटवर उभे होते.

दुसऱ्या अर्ध्याला दादाने शिट्टी घेतली. ताडकळस पंधरा, बोरी दहा. वेळ संपत आली होती. बोरीच्या मुलीने मागे चेंडू फेकला. संघप्रियाने तो पळता पळता घेतला. ती बांधाच्या कडेने निघाली. एकीला चुकवलं. दुसरीचा हात तिच्या ढगळ शर्टाला लागला आणि सुटला. समोर फक्त रेषा होती. राजनंदिनी तिरकी आली. दोघी एकदमच रेषेपलीकडे पडल्या. मातीचा लोट उठला.

दादा मागून पळत येत होता. गुडघा ओढत. तो थांबला.

मला वाटलं, आता ट्राय देईल. लेक आहे. वर्षाने खेळतेय. दिली तर बरोबरी, कोणीच हरणार नाही. शील्ड नाही, कोणाचं काही जात नाही. मी असतो तर दिली असती.

दादाने हात आडवा हलवला. "सुटला. ट्राय न्हाई."

आणि शेवटची शिट्टी वाजवली.

संघप्रिया मातीतून उठली. तिच्या दातांत माती होती. ती सरळ दादासमोर येऊन उभी राहिली.

"टेकवला होता!"

"हातातून सुटला, मग टेकला."

"मी टेकवला पप्पा! तुमी मागं होता. तुमाला दिसलंच न्हाई."

"मला दिसलं."

"काय दिसलं? राजूचा पाय दिसला तुमाला. इकडं या. इकडं या म्हणते ना." तिने त्याला बाहीला धरून ओढलं.

वहिनी माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या.

दोघं रेषेपाशी उकिडवे बसले. काळ्या ओल्या मातीत सगळं उमटलं होतं. गुडघा, कोपर, बोटं. आणि चेंडूच्या खुणा. दोन.

"ही बघ," दादा म्हणाला. "इथं सुटला, इथं परत पडला. दोन झाल्या का न्हाई?"

"ती दुसरी राजूच्या टाचेची हाय. राजू, पाय ठेव इथं. ठेव."

राजनंदिनीने पाय ठेवला. बसत होता असं म्हणता येत होतं, आणि नव्हता असंही. गोपाळसर आले. बोरीच्या मुली आल्या. ताडकळसच्या आल्या. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. बांधावरून सरजाबाई ओरडल्या, "टेकवला! मला इथून दिसला!" त्यांना जवळचंही चष्म्याशिवाय दिसत नाही.

ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. बारा वाजून गेले होते. दादाने मान वर केली. पुन्हा हॉर्न. मग इंजिन बंद झालं. किशनकाका खाली उतरले, धोतर सावरत ढेकळांतून आले.

"सरका. सावली पडायलीय तुमची."

मुली सरकल्या. काका गुडघ्यावर बसले. चपटा कान जवळजवळ मातीला लागेल इतके वाकले. बोट न लावता त्यांनी खूण पाहिली, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने.

"टेकवला हाय," ते म्हणाले.

"बघा!" संघप्रिया म्हणाली.

"काका, तुमी बांधावर होता."

"आन् तू मागं होतास. आमची बी पाठ टेकली न्हवती त्या सोनपेठवाल्यासमोर. पंच असाच मागं होता."

"म्हणजे नारळावरची कुस्ती तुमी हारलात?" मी विचारलं.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे गेलो.

"माझा निकाल बदलणार न्हाई," दादा म्हणाला.

"नका बदलू," संघप्रिया म्हणाली. ती उभी राहिली. ढगळ शर्टाने तोंड पुसलं, त्याने तोंड आणखी काळं झालं. "पण आता तुमी बोरीला या. तिथं दोन्ही अर्ध्याला शिट्टी आमच्या गोपाळसरांची."

"आमच्या?" दादा म्हणाला.

"आमच्या."

दादाने पाय झटकला. त्याने शिट्टी गळ्यातून काढली आणि खिशात घातली.

"कधी?"

"कापूस येचून होऊ द्या," ती म्हणाली.